चौथऱ्यावरची जागा

तीन हात वर झाल्याशिवाय कॉस्टेलनिकांच्या शॉपमध्ये, म्हणजे अंगणापलीकडच्या छोट्या कारखान्यात, नवं मशीन येत नसे. हा नियम जेदोंचा, म्हणजे शॉप उभारणाऱ्या आजोबांचा. ते जाऊन सदतीस वर्षं झाली, पण नियम काही गेला नव्हता. आता हात चार होते: जेदोंच्या मुलाचा म्हणजे लेनचा, त्याच्या बहिणीचा म्हणजे बर्नीचा आणि लेनच्या दोन मुलांचे, डेलचा आणि सध्या शॉप चालवणाऱ्या मार्सीचा. मागे ग्राइंडर घ्यायचा होता तेव्हा यातले तीन जमवता जमवता दोन ईस्टर उलटले होते. यंदा मार्सीकडे फक्त एक रविवार होता.

इरीच्या व्हॉल्व्ह कंपनीला सोमवारी दुपारपर्यंत उत्तर हवं होतं. आठवड्याला आठशे पिना, स्टेनलेसच्या, करंगळीएवढ्या जाड आणि दीड इंच लांब. मापात सूट म्हणाल तर दोन्ही बाजूंना अर्धा टेन्थ. इंचाचे दहा हजार भाग केले की त्यातला एक म्हणजे टेन्थ. हे मीडव्हिलमध्ये शाळेतल्या मुलांनाही सांगावं लागत नाही, कारण दर दोन घरांमागे एका घरात कुणीतरी टूलमेकर असतोच. हे काम मिळालं तर शॉप चालणार होतं. नाही मिळालं तर वसंतात रूडी आणि कॉनी या दोन्ही कामगारांना घरी पाठवून मार्सीला दाराला कुलूप लावावं लागणार होतं. आणि शॉपमधल्या एकाही मशीनवर ते माप रोज, आठशे वेळा, निघत नव्हतं.

मार्सीने नवा लेथ मनात पक्का केला होता. छोटा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा लेथ, लांबीला जेमतेम पाच फूट. पिट्सबर्गच्या शोरूममध्ये ती तीनदा जाऊन आली होती. तिसऱ्या वेळी तिने विक्रेत्याला मशीन रात्रभर बंद ठेवायला लावलं आणि सकाळी थंड मशीनवर आपल्या पिना काढायला लावल्या. दर दहा मिनिटांनी एक पीस उचलून ती बाजूला ठेवत होती. विक्रेता बिचारा कॉफी पीत उभा. पहिली पंचवीस मिनिटं माप सरकत राहिलं, आणि मग जे बसलं ते दुपारपर्यंत हललं नाही. त्या दुपारच्या पिना तिने घरी आणल्या.

तरी मशीनपेक्षा अवघड प्रश्न जागेचा होता. शॉप उभं आहे जुन्या सफरचंदाच्या बागेवर, जमीन भुसभुशीत, वरून दुधाचा टँकर गेला तरी फरशी थरथरते. फक्त उत्तरेच्या भिंतीशी एक चौथरा आहे, जेदोंनी चार फूट खोल काँक्रीट ओतून, बाकीच्या फरशीपासून सुटा ठेवलेला. बरोबर पाच फुटांचा. आणि त्या चौथऱ्यावर जेदोंचा हाताने चालवायचा लेथ होता, ज्यावर लेन अजून रोज सकाळी येऊन उभा राहत होता. वय शहात्तर.

---

चर्च सुटल्यावर सगळे बर्फ तुडवत थेट शॉपमध्येच आले. आयरीनने कोट काढून हातात पांढरे हातमोजे चढवले आणि डोळ्यांवर चष्मा सारखा केला. लेनशी लग्न होण्याआधी आणि नंतरही मिळून बावीस वर्षं ती झिपच्या कारखान्यात मापं तपासत होती. शॉपमध्ये तिचा हिस्सा नाही, हात नाही. पण मोजायचं तिने, हेही ठरलेलं. तिच्या मापाच्या काट्यावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती, आणि घेतली असती तर त्याला जेवायला मिळालं नसतं.

मापं घ्यायच्या ग्रॅनाइटच्या प्लेटवर अंड्यांचे दोन पुठ्ठ्याचे खोके ठेवले होते, काल संध्याकाळपासून. एकात मार्सीच्या पिना, दुसऱ्यात डेलच्या, त्याने सुचवलेल्या जुन्या मशीनवर काढलेल्या. कुठला कुणाचा ते आयरीनला सांगितलेलं नव्हतं.

"अडुसष्ट फॅरनहाइट," भिंतीवरच्या तापमापकाकडे बघून ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात नळ गोठतात. इथे मात्र बारा महिने अडुसष्ट."

"स्टीलला थंडी वाजते, मॉम," डेल म्हणाला.

"मला पण वाजते. पण माझं माप कोण घेतंय?"

बर्नी हसली. उंच स्टुलावर बसून ती बूट एकमेकांवर आपटत होती. "डेल, तुझ्या त्या धुडाचं सांग ना. ते या दारातनं येणार कसं?"

"दारातनं यायचंच नाही, आत्या. आपणच जायचं." डेल इरीत जुन्या मशिनांची खरेदी-विक्री करायचा, आणि बोलताना त्याचा हात कुणाच्या तरी खांद्यावर आपोआप जायचा. आता तो आत्याच्या खांद्यावर होता. "हायवेला लागून शेड आहे. पक्की फरशी, मोठी दारं. आठ इंची जॉब धरणारा चक असलेला लेथ, क्लीव्हलंडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला, मार्सीच्या खेळण्याच्या निम्म्या किमतीत. उद्या कुणी मोठा जॉब घेऊन आला तर 'आमच्याकडे मावत नाही' म्हणायचं?"

"आपल्याकडे मोठा जॉब शेवटचा कधी आला?" मार्सीने विचारलं.

"कारण मशीनच नाही!"

"आपलं सगळं काम मुठीत मावतं, डेल. तेवढंच आपल्याला येतं, आणि ते चांगलं येतं. मुठीतल्या कामाला मी ट्रकएवढं मशीन कशाला घेऊ?"

"भांडा नंतर," आयरीन म्हणाली. "लिहा कुणीतरी."

बर्नीने चर्चचं पत्रक उलटं केलं आणि पेन्सिल काढली. आयरीनने लाकडी चिमट्याने पहिली पिन उचलून काट्याखाली ठेवली. ती नेहमी चिमट्यानेच उचलायची, जॉबला, म्हणजे घडवलेल्या तुकड्याला, बोट लावायचं नाही ही कारखान्यातली सवय. "शून्य. शून्य. अधिक पाव. शून्य." पाचव्या पिनेपासून तिचा आवाज बदलला नाही, पण आकडे बदलले. "अधिक अर्धा. अधिक पाऊण. अधिक पाऊण. अधिक एक."

डेलने हात आत्याच्या खांद्यावरून काढून खिशात घातला. मशीन तापत गेलं आणि माप त्याच्याबरोबर सरकत गेलं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तोही इथेच वाढला होता.

दुसरा खोका. "शून्य. शून्य. वजा पाव. शून्य. शून्य." दहाच्या दहा मापाच्या आत. बर्नीने पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली.

"हे मार्सीचं," आयरीन म्हणाली, "तिच्या तोंडावरून कळतंय."

तेवढ्यात लेन आपल्या कामाच्या बाकाकडे जाऊन आला. सगळ्यांचं लक्ष काट्याकडे होतं, तो कधी गेला ते कुणी पाहिलं नाही. त्याने प्लेटवर तिसरा खोका ठेवला.

"हा कुणाचा?" बर्नीने विचारलं.

"मोज तू," तो आयरीनला म्हणाला.

आयरीनने नवऱ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात ती त्याला इतक्या जवळून रोज पाहत होती की हल्ली पाहायचं राहूनच जायचं. त्याचे कान लाल झाले होते, मार्सीच्या बाप्तिस्म्याला झाले होते तसे. तीन आठवडे हा माणूस पहाटे उठून इथे येत होता आणि विचारलं की 'उगाच' म्हणत होता, ते तिला आता उमगलं. पण चिमटा हातात आला की आयरीन कुणाची बायको नसायची.

"अधिक एक," ती म्हणाली. "अधिक एक. अधिक एक. अधिक एकला जरा कमी. अधिक एक."

बर्नीची पेन्सिल थांबली. दहा पिना, दहाही मोठ्या. एकही आत नाही.

पिनांच्या टोकांना हाताने मारलेली बारीक उतरण सगळ्यांना ओळखू येत होती, या घरात तशी उतरण एकाच माणसाची. लेन प्लेटपाशी उभा राहून खोक्याकडे बघत होता. मग त्याने उजवा हात हळूच डाव्या हाताखाली घेतला. तो हात हल्ली थरथरायचा, चमचा धरतानाही. फक्त पहाटेचा तासभर, लेथच्या चाकावर, तो शांत असायचा, असं त्याचं त्यालाच वाटत आलं होतं.

"पपा," डेल शेवटी म्हणाला. आवाज त्याने शक्य तितका मऊ केला होता. "काही बिघडलं नाही. त्या लेथने साठ वर्षं काम केलं. आता चौथरा मोकळा करू या. माझं मशीन पडलं, ते मला दिसतंय. मी मार्सीच्या बाजूने." आणि त्याने हात वर केला.

"मीही," बर्नी म्हणाली. तिचा हात अर्धाच वर गेला, पण गेला. "लेन, तू माझ्याकडे असं बघू नकोस रे."

मार्सीचा हात आपोआपच वर होता.

"तीन," आयरीन म्हणाली आणि चष्मा काढून पुसू लागली.

झालं होतं. मागे ज्याला दोन वर्षं लागली ते पाऊण तासात जमलं होतं. उद्या सकाळी इरीला फोन, पिट्सबर्गला फोन. मार्सीला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या डोक्यात काहीतरी खुपत होतं. थकलेल्या हाताच्या चुका विखुरतात. एक जॉब मोठा, एक बारीक, एक वाकडा. या दहा पिना सगळ्या एकाच बाजूला, सगळ्या एकाच मापाने चुकल्या होत्या. ज्या माणसाच्या हातून दहा पिना एकसारख्या चुकतात, त्याचा हात चुकलेला नसतो.

तिने खोक्यात बोट घातलं आणि एक पिन उचलली.

पिन गरम होती. तापलेली नव्हे, पण कोंबडीखालून काढलेल्या अंड्याइतकी गरम. आणि स्टील एवढ्यानेही फुगतं.

या क्षणी तिने पिन परत ठेवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. हे तिला पुरतं कळत होतं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेला पपा तिला आठवला, कोटाच्या आत, शर्टाच्या खिशावर तळहात ठेवून तासभर बसलेला. तिला वाटलं होतं, छातीत दुखतंय की काय.

"पपा, या पिना खिशात होत्या?"

लेनने मान वर केली. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मार्सीला बघवेना. प्लेटच्या वर, भिंतीवर, जेदोंच्या हातची पाटी होती, पत्र्यावर रंगवलेली: हातातनं, खिशातनं, मशीनवरनं आलेला जॉब तासभर प्लेटवर. मग मोज. नऊ वर्षांच्या मार्सीने एकदा गरम बुश, धातूची छोटी नळी, मोजला, तेव्हा याच लेनने तिला तासभर या पाटीखाली उभं केलं होतं. आख्ख्या क्रॉफर्ड काउंटीत ही चूक न करणारा एकच माणूस असता तर तो लेन.

"विसरलो," तो म्हणाला. "शॉपमध्ये ठेवल्या असत्या तर तू पाहिल्या असत्यास. म्हणून खिशात घेऊन फिरलो. आणि विसरलो."

"मग आता प्लेटवर ठेवू या," मार्सी म्हणाली. खोक्यातून एकेक पिन काढून तिने दगडावर मांडली. "मॉम, जेवण झाल्यावर परत मोज. त्याआधीचं मोजणं धरायचं नाही. हात खाली घ्या सगळ्यांनी."

---

जेवताना कुणी लेनकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. टेबलावर होलुप्की होत्या, कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून टोमॅटोत शिजवलेल्या, आणि शेवटी अक्रोडाचा रोल. लेनने एक होलुप्की घेतली आणि काट्याने तिचं पान उलगडून तशीच ठेवली.

"खा," आयरीन म्हणाली. "त्या पिना पळून जात नाहीत."

"तुझे तीन हात झाले होते ना गं?" बर्नीने मार्सीला दटावलं. ती खालच्या आवाजात बोलायची तेव्हाही अंगणात ऐकू जायचं. "मग तोंड कशाला उघडलंस?"

"गरम होत्या, आत्या."

"मेली तत्त्वाची! अगदी माझ्या बापावर गेलीस. त्यानेही अशानेच तेवीस गिऱ्हाइकं घालवली."

"आणि चाळीस टिकवली," लेन ताटाकडे बघत म्हणाला. जेवणभर तो एवढंच बोलला.

भांडी घासायला डेल आणि मार्सी उठले. तो धूत होता, ती पुसत होती, लहानपणी होतं तसंच. खिडकीतून अंगणापलीकडचं शॉप दिसत होतं. डेल वीस वर्षांपूर्वी त्या दारातून बाहेर पडला तो रागानेच. चौथऱ्यावर जागा एका माणसाची, आणि तो माणूस जागा सोडेना. पपाने त्याला त्या लेथवर एकदाही एकट्याने उभं राहू दिलं नव्हतं. आज चौथरा मोकळा होणार म्हटल्यावर त्याचा हात सर्वांत आधी वर गेला होता. त्यात मार्सीवरचं प्रेम किती आणि जुना राग किती, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं, आणि त्याची त्याला आता थोडी लाज वाटत होती.

"वेडी आहेस तू," तो म्हणाला.

"तूही हेच केलं असतंस."

"मी धंदा करतो, मार्सी. मी पिन परत ठेवली असती."

"नसती ठेवलीस."

डेलने बराच वेळ एकच ताट घासलं. "आत आल्या तर आत्या फिरणार. तिला तो लेथ म्हणजे तिचा बाप वाटतो."

"माहितेय."

"मग दोनच राहतील. तू आणि मी."

मार्सीने पुसणं थांबवलं. "तू राहशील?"

"माझं मशीन तापलं की सरकतं, ते मी लोकांना विकतो. पण स्वतःच्या घरात नाही आणणार," डेल म्हणाला. "तो चमचा इकडे दे, नीट पुसला नाहीस."

---

दोन वाजता आयरीनने पुन्हा हातमोजे चढवले.

"अडुसष्ट," ती म्हणाली. मग काट्यावर वाकली. "शून्य. शून्य. अधिक पाव. शून्य. वजा पाव. शून्य..." दहावी पिन काढून तिने चिमटा खाली ठेवला आणि हातमोज्यांसकट नवऱ्याच्या गालाला हात लावला. "सगळ्या आत आहेत, लेन. दहाच्या दहा."

बर्नी रडायलाच लागली. तिला रडायला काही लागत नसे, पण या वेळी कारण होतं. "माझ्या बापाचा लेथ अजून टेन्थ देतो! आणि मी तो बाहेर काढायला हात वर केला होता. नाही हो, माझा हात नाही. मार्सी, तू माझी लाडकी आहेस, पण नाही."

"ठीक आहे, आत्या," मार्सी म्हणाली.

तिचा आणि डेलचा हात वर होता. दोन. मार्सीने मनातल्या मनात इरीच्या माणसाला उद्या काय सांगायचं ते जुळवायला सुरुवात केली, आणि त्याआधी रूडीला काय सांगायचं ते. रूडीचं घर आत्ताच दुरुस्त झालं होतं. मघाची वेळ पुन्हा आली असती तरी तिने पिन उचललीच असती.

लेन बाकाकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कॉफीचा मोठा डबा होता. तो त्याने लाकडी बाकावर पालथा केला; ग्रॅनाइटवर काही ओतायचं नाही एवढं त्याला अजून आठवत होतं. पिनांचा ढीग पडला. काही बाकावरून घरंगळल्या.

"त्रेसष्ट," तो म्हणाला. "या पण मीच केल्यात. मोजायला नकोत, मी मोजल्यात. सगळ्या बाहेर."

"पपा..." मार्सीने सुरुवात केली.

"बोलू दे मला. तीन आठवडे. रोज पहाटे एक तास, हात चालतो तेवढा वेळ. दहा चांगल्या, त्रेसष्ट भंगार." त्याने बर्नीकडे पाहिलं. "त्यांना आठशे पाहिजेत, बर्नी. आठवड्याला. आपल्या बापाला विचारलं असतंस तर तो काय म्हणाला असता?"

बर्नीने नाक पुसलं. "शिव्या दिल्या असत्या. तुला आणि मला दोघांना."

"आधी तुला."

"मग केल्यास कशाला या, लेन?" आयरीनने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

लेनचे शब्द कधीच पटकन निघत नसत. "मला वाटलं, दहा तरी काढता आल्या तर मला काढणार नाहीत," तो म्हणाला. "मग त्या मोठ्या निघाल्या. वाटलं, चला, संपलं. आणि हिने..." त्याने मार्सीकडे बोट केलं, "हिने स्वतःचे तीन हात घालवून माझ्या पिना प्लेटवर ठेवल्या. मी हिच्या जागी असतो तर? माहीत नाही मला. खरंच माहीत नाही."

मार्सीने ओठ घट्ट मिटले. बोलली असती तर तिचीही बर्नी झाली असती.

"तो लेथ खिडकीखाली ठेवा," लेन म्हणाला. "फरशीवर. तिथे तो टेन्थ देणार नाही. मीही देत नाही आता. गवत कापायच्या यंत्राचे बुश करायला पुरेल."

"मी हलवतो, पपा," डेल म्हणाला. "माझ्याकडे रोलर आहेत. माणसं आहेत. शनिवारी येतो."

"माणसं नकोत. तू ये." मग लेन म्हणाला, "हलवायच्या आधी एकदा चालवून बघ. एकट्याने. मी घरात बसेन."

डेलने मान हलवली आणि बाकाखाली घरंगळलेल्या पिना वेचायला वाकला. बराच वेळ तो वाकूनच होता.

लेनने कोटाच्या खिशातून एक माहितीपुस्तक काढलं. मार्सीने ते लगेच ओळखलं; तिच्या टेबलावरून दहा दिवसांपूर्वी नाहीसं झालेलं तेच. कोपरे दुमडलेले, एका पानावर कॉफीचा डाग.

"हे तुमच्याकडे होतं?"

"संडासात वाचत होता," आयरीन म्हणाली. "मला वाटलं शिकारीचं मासिक आहे."

"मार्सी, हा थंड असताना सरकतो ना?" लेनने विचारलं.

"हो. पंचवीस मिनिटं. नुसता फिरवायचा, काही न कापता. मग बसतो."

"रूडी सहाला येतो."

"हो."

"म्हणजे साडेपाचला कुणीतरी येऊन सुरू करायला हवा. तापमान बघायचं, तेल बघायचं, पहिली पिन काढायची, प्लेटवर ठेवायची."

मार्सीने नुसती मान हलवली. डेल सरळ उभा राहिला, त्याने तोंड उघडलं, आणि बर्नीने त्याच्या पायावर पाय ठेवला. मार्सी आणि डेल, दोघांनाही ठाऊक होतं की त्यासाठी कुणी यावं लागत नाही. अशा मशिनांत काय काय असतं ते डेल रोज विकत होता.

"पान चौदा," लेन म्हणाला. त्याने ते पान उघडून बाकावर ठेवलं, हाताने दाबून. "टायमर आहे त्यात. सांगू त्या वेळेला मशीन आपलं आपण सुरू होतं. माणूस लागत नाही. मी वाचलंय." तो तिच्याकडे बघत होता, विनंती करायची सवय नसलेल्या माणसासारखा, थोडा रागावल्यासारखा. "तो टायमर लावू नकोस."

मार्सीने पुस्तक मिटलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"नाही लावत," ती म्हणाली. "पण साडेपाच म्हणजे साडेपाच, पपा. उशीर चालायचा नाही."

लेनने उजवा हात वर केला. थरथरत होता, पण त्याने तो लपवला नाही. हातांचा हिशेब पुरा झाला तरी त्याने तो खाली घेतला नाही. बर्नीने रडत रडत आपलाही वर केला, तरी त्याने घेतला नाही.

"घे आता खाली, लेन," आयरीन म्हणाली. "मोजला मी."